देवाची इच्छा कशी ओळखायची? परदेशी नोकरीपुढे अडलेल्या एका नर्सताईंना उत्तर

ताई, प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुम्ही लिहिलंत ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजलंय की नाही हे तुम्हालाही कळेल. तुम्ही पुण्यात स्टाफ नर्स आहात. जर्मनीतल्या एका हॉस्पिटलची नोकरी समोर आली आहे आणि होकार-नकार कळवायला थोडेच आठवडे उरलेत. गावी आईचं डायलिसिस सुरू झालंय. वडील नाहीत, धाकटा भाऊ आईजवळ आहे. तुम्ही उपवास केलात, रात्री जागून प्रार्थना केलीत. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलंत तर अब्राहामाला ‘आपला देश सोड’ असं सांगितलेला भाग निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलंत तर रूथ आपल्या सासूला, नामीला, ‘तुला सोडून जाणार नाही’ म्हणते तो भाग. मग प्रार्थनासभेत मंडळीतल्या एका बहिणीने डोक्यावर हात ठेवून ‘प्रभू म्हणतो, जाऊ नकोस’ असं सांगितलं. आणि शेवटी तुम्ही विचारलंत: मी चुकीचं निवडलं तर आयुष्यभर देवाच्या इच्छेबाहेर राहीन का?

मराठी मंडळ्यांमध्ये पाळक म्हणून माझी बरीच वर्षं गेली. नोकरी घ्यावी का, हे स्थळ करावं का, शेत विकावं का, मुलाला सेमिनरीत घालावं का, अशा प्रश्नांसाठी लोक घरी येऊन बसायचे आणि ‘पाळकसाहेब, देवाची इच्छा काय ते सांगा’ म्हणायचे. त्या अनुभवावरून वाटतं की तुमचं खरं ओझं शेवटच्या ओळीत आहे. ती भीती मनात असेपर्यंत जर्मनीबद्दल सरळ विचार होणार नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

या भीतीमागे एक समजूत असते. देवाने प्रत्येकाचं आयुष्य रेल्वेच्या वेळापत्रकासारखं आधीच छापून ठेवलंय, ते आपल्याला दाखवत मात्र नाही, आणि आपली एक गाडी चुकली की पुढच्या सगळ्याच चुकल्या. ही समजूत आपल्याकडे उपदेशांतून, साक्षींतून इतकी मुरली आहे की ती पवित्र शास्त्रातलीच आहे असं आपण धरून चालतो. पण जो स्वतःची इच्छा लपवतो, लेकरांना ती ओळखायला लावतो आणि ओळखता आली नाही तर आयुष्यभर शिक्षा करतो, अशा कोणाला ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायला येशूने शिकवलेलं नाही.

जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (२९:२९) मोशे इस्राएलांना एक सोपी वाटणी करून देतो. गुप्त गोष्टी परमेश्वराच्या. प्रकट केलेल्या गोष्टी आपल्या आणि आपल्या मुलाबाळांच्या, त्या पाळण्यासाठी. कॅल्व्हिनसारख्या धर्मसुधारकांनी पुढे याच धाग्याने देवाचा गुप्त संकल्प आणि त्याची प्रकट इच्छा असा भेद केला. जगाचा इतिहास देव कुठे नेतो आहे, तुमच्या आयुष्यात दहा वर्षांनी काय होणार आहे, हे पहिल्या भागात येतं आणि ते आधी जाणून घेण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकलेलीच नाही. जे जाणलं नाही म्हणून तुम्ही दोषी ठरू शकाल, ते सगळं दुसऱ्या भागात आहे, आणि ते उघड लिहिलेलं आहे.

काय लिहिलंय ते बघा. ‘देवाची इच्छा ही आहे’ असं थेट म्हणून प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला सांगतो ते त्यांच्या पवित्रीकरणाबद्दल, आणि पुढच्याच अध्यायात सर्व स्थितीत उपकारस्तुती करण्याबद्दल. पेत्र म्हणतो, चांगलं करत राहून मूर्खांची तोंडं बंद करावीत ही देवाची इच्छा आहे. संदेष्टा मीखा तर तीनच गोष्टी मागतो: नीतीने वागणं, आवडीने दया करणं, देवासमागमे नम्रभावाने चालणं. यात कुठल्या शहरात राहावं, किती पगार घ्यावा याचा उल्लेख नाही. लग्नासारख्या मोठ्या गोष्टीतसुद्धा पौल विधवेला काय सांगतो? तिची इच्छा असेल त्याच्याशी तिने लग्न करावं, फक्त ते प्रभूमध्ये असावं (१ करिंथ ७:३९). कुंपण एकच, आणि आतली निवड तिची. आपल्या मंडळ्यांत लग्नाच्या प्रश्नावर जेवढे उपवास होतात तेवढे हे वचन वाचलं जात नाही, पण तो विषय आज नको.

म्हणजे जर्मनीत नर्सिंग करणं आणि पुण्यात नर्सिंग करणं, दोन्हींत पाप नाही. दोन्हीकडे आजारी माणसांची सेवाच आहे. दोन्ही ठिकाणी तुम्ही मीखाच्या त्या तीन गोष्टी करू शकता किंवा टाळू शकता. यातलं एक देवाच्या इच्छेत आणि दुसरं बाहेर, अशी विभागणी मी करणार नाही.

‘मग देव मार्गदर्शन करतच नाही का?’ असं तुम्ही विचाराल. करतो. कसं करतो ते नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सलग वाचलं की दिसतं. पहिल्या अध्यायात येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी माणूस नेमायचा होता तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थिया निघाला. नंतर पवित्र आत्मा उतरला, आणि त्यानंतर नव्या करारात विश्वासणारे कुठेही चिठ्ठ्या टाकताना दिसत नाहीत. पंधराव्या अध्यायात मंडळीपुढे फार मोठा प्रश्न आला: परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहूदी नसलेल्यांनी, मोशेचं नियमशास्त्र पाळायचं का? तिथे पुष्कळ वाद झाला, पेत्र बोलला, पौल आणि बर्णबा यांनी काय घडलं ते सांगितलं, याकोबाने शास्त्रवचन काढून दाखवलं, आणि मग पत्रात लिहिलं की पवित्र आत्म्याला व आम्हांला हे योग्य वाटलं. आत्मा आणि आपली चर्चा एकाच वाक्यात! आत्मा बुद्धीला बाजूला सारून काम करतो असं मानणाऱ्यांनी तो अध्याय पुन्हा वाचावा.

सोळाव्यात देव थेट हस्तक्षेपही करतो. पौलाला आशियात वचन सांगायला मनाई होते, बिथुनियात जायला येशूचा आत्मा अडवतो, त्रोवसला रात्री दृष्टान्तात मासेदोनियाचा माणूस दिसतो. हे मी नाकारत नाही. पण तेव्हा पौल काय करत होता ते पाहा. तो घरी बसून खुणेची वाट बघत नव्हता. स्वतःच्या समजुतीने ठरवून निघाला होता आणि वाटेत त्याला वळवलं गेलं. दृष्टान्तानंतरही हे पुस्तक लिहिणारा लूक म्हणतो की ‘आम्ही अनुमान केलं’. म्हणजे रात्रीच्या दृष्टान्ताचा अर्थ सोबत्यांनी मिळून लावला. शिवाय पौलाच्या बाकीच्या बहुतेक प्रवासांमागे असा दृष्टान्त सांगितलेला नाही. त्याला स्पेनला जायचं होतं, रोमकरांना तसं लिहिलं, आणि त्यासाठी देवाच्या आज्ञेचा दाखला दिला नाही. योजना त्याची होती.

आता तुम्ही ज्या खुणांवर अडला आहात त्यांच्याकडे येतो.

डोळे मिटून पुस्तक उघडणं. सवय जुनी आहे. आपल्याकडे ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षाचं वचन चिठ्ठीवर निघतं तेव्हा मीही आनंदाने घेतो; ते उत्तेजन म्हणून छान आहे. त्यावर तिकीट काढू नये. तुमचीच दोन वचनं घ्या. दुसरं वचन ‘राहा’ सांगतं असं तुम्हाला वाटलं. पण रूथ कुठे राहिली? ती मवाब सोडून, माहेर सोडून परमुलखात गेली. म्हणजे तिची ओळ ‘जा’ म्हणते असंही कोणी दाखवून देईल. संदर्भ तोडला की वचन आपल्या मनात जे असतं तेच बोलतं. भिंतीवरच्या कॅलेंडरांवर हमखास असणारं यिर्मया २९:११ घ्या, हिताचे संकल्प आणि आशा वगैरे. ते बाबेलमध्ये बंदिवासात असलेल्यांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आधीच्याच ओळीत ७० वर्षांचा आकडा आहे, म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक तिथेच मरणार होते. आणि त्यांना करायला काय सांगितलं? घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा.

गिदोनाची लोकर. गिदोनाने रात्री खळ्यात लोकर ठेवली आणि फक्त तिच्यावर दंव पडलं तर देवाची खूण मानीन असं म्हटलं. तुम्ही तशी लोकर ठेवली नाहीत हे बरं झालं. ‘सोमवारपर्यंत ईमेल आली तर प्रभूची इच्छा’ हा तिचाच प्रकार. गिदोनाला काय करायचं ते देवाने आधीच स्वच्छ सांगितलं होतं. लोकर मांडताना तो स्वतःच ‘तू सांगितल्याप्रमाणे’ म्हणतो. त्याला खात्री होत नव्हती आणि देवाने त्याच्या दुबळेपणाला सांभाळून घेतलं. यातून देवाची कृपा शिकावी. पद्धत म्हणून ते उचलू नये.

उघडं दार, बंद दार. हे आपल्याकडे फार चालतं. व्हिसा मिळाला, म्हणजे दार उघडलं, म्हणजे जा. पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात सांगतो की त्रोवसात प्रभूमध्ये त्याच्यासाठी दार उघडलं होतं, तरी त्याचा सहकारी तीत तिथे भेटला नाही म्हणून त्याच्या जिवाला चैन पडेना आणि तो मासेदोनियाला निघून गेला. देवाने उघडलेल्या दारातून तो गेला नाही, आणि त्याबद्दल त्याने क्षमा मागितल्याचंही दिसत नाही. उलट पहिल्या पत्रात इफिसाबद्दल म्हणतो की मोठं दार उघडलंय आणि विरोधकही पुष्कळ आहेत, म्हणून मी इथे राहणार. दार म्हणजे संधी. ती घ्यायची की नाही हे त्यानंतर ठरवायचं असतं.

मनाची शांती. ‘शांती वाटते ना, मग प्रभूची इच्छा आहे’ असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. शांती मौल्यवान आहे, मी तिची दखल घेतो, पण तिला न्यायाधीश करत नाही. गेथशेमाने बागेत येशू बापाच्या इच्छेच्या अगदी मध्यभागी होता आणि लूक म्हणतो त्याचा घाम रक्ताच्या मोठ्या थेंबांसारखा पडत होता. उलट देवाच्या आज्ञेपासून पळणारा योना चुकीच्या दिशेच्या तारवात गाढ झोपला होता. आईला सोडून जाताना तुम्हाला शांत वाटणार नाही, वाटूही नये. आणि नकार कळवल्यावर जो हायसेपणा येईल तो प्रभूची शांती असेल किंवा नुसता ताण उतरलेला असेल.

आता त्या बहिणीचं सांगणं. इथे मी जरा सावकाश जातो, कारण तुम्हाला सर्वांत जास्त त्यानेच धरून ठेवलंय.

भविष्यवाणीचा धिक्कार करू नका, असं पौल म्हणतो, आणि लगेच पुढे, सर्व गोष्टींची पारख करा. करिंथच्या मंडळीतही दोघा-तिघा संदेष्ट्यांनी बोलावं आणि इतरांनी त्याचा निर्णय करावा अशी शिस्त त्याने घालून दिली. तुमच्या सभेत ती पारख कोणी केली का? की ‘प्रभू म्हणतो’ हे दोन शब्द आल्यावर सगळे ‘आमेन’ म्हणून गप्प झाले? यिर्मयाच्या २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, लोकांसमोर, ‘परमेश्वर असे म्हणतो’ म्हणूनच सांगतो की दोन वर्षांच्या आत सगळं परत येईल. यिर्मया म्हणतो, आमेन, परमेश्वर तसं करो! मग तो वाट बघायला सांगतो. हनन्या खोटा निघाला. भाषा दोघांचीही तीच होती.

आणि सांगणं खरं असलं तरी त्यावरून काय करायचं हा पुढचा प्रश्न उरतोच. प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये सोर इथले शिष्य आत्म्याच्या द्वारे पौलाला सांगतात, यरुशलेमेस जाऊ नको. कैसरियात अगब नावाचा संदेष्टा पौलाच्या कमरपट्ट्याने आपले हातपाय बांधून दाखवतो की तिथे तुला असंच बांधतील. तसंच झालंही. पण पौल गेला. संकट येणार ही माहिती बरोबर होती; म्हणून जाऊ नये, हा प्रेमाच्या माणसांनी काढलेला निष्कर्ष होता. शेवटी तेच लोक म्हणाले, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो. त्या बहिणीलाही कदाचित तुमच्या वाटेतला त्रास जाणवला असेल. कदाचित तिला तुमच्या आईची काळजी वाटली असेल. तिच्या हेतूवर मी बोट ठेवत नाही.

कोणी तुम्हाला ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगेल. रेल्वेच्या प्रवासात भेटलेल्या एका परक्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. साक्ष म्हणून ती आपल्या मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तो भाकितावर विसंबून नव्हे. मधल्या काळात त्यांनी वाचलं, शंका काढल्या, स्वतःशी झगडले. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तेव्हा त्यांच्यामागे पाऊल टाकलं नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, त्यांना पटल्यावर. नवऱ्याला दिसलेला उजेड त्यांनी उसना घेतला नाही.

मला मात्र तुमच्या प्रश्नात जास्त आठवतात त्या पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये त्या आपल्या लहानग्या लेकीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीय शिक्षणासाठी. कमी ऐकू येत असल्यामुळे ते शिक्षण राहूनच गेलं. आजच्या आपल्या भाषेत दार बंद झालं. त्याच वर्षी वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात राहिल्या, १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली-बायकांना आणून केडगावचं निराधार स्त्रियांसाठीचं काम उभं राहिलं. डॉक्टर व्हायला निघालेल्या बाई डॉक्टर झाल्याच नाहीत. मग इंग्लंडला जाणं देवाच्या इच्छेबाहेर होतं का? तो प्रश्नच तिथे लागू होत नाही. त्या जिथे पोचल्या तिथे समोर आलेलं चांगलं काम त्यांनी उचललं.

इंग्लंडात असताना तिथल्या मठातल्या ज्येष्ठ भगिनींनी, म्हणजे नन्सनी, त्यांच्या श्रद्धेच्या बाबतीत मुकाट्याने ऐकावं अशी अपेक्षा केली. तेव्हा १८८५ च्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी स्पष्ट लिहिलं की मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, मन आहे, निर्णयशक्ती आहे. देवाने जे करण्याची शक्ती मला दिली आहे ते मीच विचार करून केलं पाहिजे. आणि एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून कष्टाने सुटून आल्यावर दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, असंही. पाळक म्हणून मी हे तुम्हाला मुद्दाम सांगतो, कारण ते जोखड आम्ही पाळकलोकही घालतो. ‘मी प्रार्थना केली, तू जाऊ नकोस’ म्हणणं सोपं असतं. समोरच्या माणसाबरोबर बसून विचार करणं वेळखाऊ असतं.

इथपर्यंतचं थोडक्यात: जे उघड सांगितलंय त्यात तुम्ही दोन्हीकडे राहू शकता. खुणा ऐकाव्यात, पण निर्णय त्यांच्यावर ढकलू नये. दुसऱ्याच्या ‘प्रभू म्हणतो’ची पारख करण्याचा तुम्हाला अधिकार आहे, किंबहुना तशी आज्ञाच आहे. उरतो तो प्रत्यक्ष निर्णय, आणि तो परिस्थितीवर अवलंबून आहे. त्यातलं बरंच तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी ‘जा’ किंवा ‘राहा’ सांगणार नाही.

पहिलं, आई. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा चार-चार तास, शिवाय येणं-जाणं. हे तुम्ही मला शिकवाल. ते आज कोण करतंय? भाऊ करत असेल तर तो किती दिवस करू शकेल, त्याची नोकरी, त्याचं लग्न? तुमच्या पैशाची गरज जास्त आहे की तुमच्या हातांची? आईला काय वाटतं हे तुमच्या पूर्ण प्रश्नात कुठेही नाही, हे माझ्या लक्षात आलं. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूशांवर, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांवर, चिडतो ते याच गोष्टीवरून: आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलं म्हणून सांगायचं आणि हात झटकायचे. देवाच्या नावाने घरची जबाबदारी टाळू नये. पण घरची जबाबदारी म्हणजे घरीच राहणं, असंही त्यात म्हटलेलं नाही. केरळच्या कितीतरी घरांत आजाऱ्याचा खर्च परदेशातल्या नर्स लेकीच्या पगारातून चालतो, हे तुम्ही हॉस्टेलमध्ये पाहिलंच असेल.

दुसरं, करार. याला आध्यात्मिक विषय मानत नाहीत, मी मानतो. येशूने बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यायला सांगितलं. मधे एजंट आहे का? परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते. तो क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो, आणि त्याने तुमच्याकडून घ्यायच्या शुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. तो लाखांत बोलत असेल तर उपवासाची गरज नाही, उत्तर मिळालं. जर्मनीत नर्स म्हणून मान्यतेसाठी साधारण बी-टू म्हणजे वरच्या मध्यम पातळीची जर्मन भाषा लागते आणि मान्यता येईपर्यंत सहायक म्हणून कमी पगारावर काम करावं लागू शकतं. मधेच सोडलं तर किती पैसे परत द्यायचे, आईसाठी अचानक यावं लागलं तर रजा कशी, हे लेखी विचारा.

तिसरं जरा अवघड आहे, रागावू नका. बऱ्याच घरांत मी पाहिलंय की ‘देवाची इच्छा’ हवी असते ती एका संवादातून सुटण्यासाठी. देवानेच ‘जा’ म्हटलं तर भावाला तोंड द्यावं लागत नाही. देवानेच ‘राहा’ म्हटलं तर स्वतःला मनातून जायचं होतं हे कबूल करावं लागत नाही. तुमचं तसंच असेल असं मी म्हणत नाही. पण भाऊ आणि आई यांच्याबरोबर बसून, सगळे आकडे मांडून बोलणं अजून झालेलं नसेल, तर पुढची उपवासप्रार्थना त्यानंतर करा.

आईच्या आजाराबद्दल एक ओळ तुम्ही ओझरती लिहिली आहे, की काहीजण तो ‘देवाने दिलेला इशारा’ म्हणतात. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली तेव्हा ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं येशूने विचारलं आणि स्वतःच ‘नाही’ म्हणून सांगितलं. मूत्रपिंड निकामी होण्याची कारणं तुम्हाला त्या लोकांपेक्षा चांगली माहीत आहेत. तो विषय तिथेच सोडा.

हे सगळं गोळा झाल्यावर प्रत्यक्ष ठरवायला मी लोकांना जी रीत सुचवतो ती आमच्या प्रॉटेस्टंट घराण्यातली नाही. वसईकडच्या कॅथलिक मित्रांकडून घेतली. लोयोलाचा इग्नाशियस हा सैनिक १५२१ मध्ये पाम्प्लोनाला तोफगोळ्याने जखमी होऊन अंथरुणाला खिळला आणि तिथे पडल्या पडल्या आपल्याच मनाच्या हालचाली निरखायला शिकला. कुठल्या विचारानंतर मन बराच वेळ ताजं राहतं आणि कुठल्या विचाराने आधी बरं वाटून मागाहून कोरडं पडतं, हे तो पाहायचा. पुढे त्याने निर्णयासाठी काही सोप्या कसोट्या दिल्या. तुमच्याच स्थितीतली, तुम्ही कधी न पाहिलेली एखादी बाई सल्ला विचारायला आली तर तिला काय सांगाल? मरणाच्या घडीला मागे वळून बघताना काय ठरवलेलं बरं वाटेल? दोन्ही बाजूंचे फायदे-तोटे लिहून काढा, आणि कुठल्या बाजूला मन जास्त ओढतं याऐवजी कुठल्या बाजूची कारणं वजनदार आहेत ते पाहा. मग ठरवलेलं प्रार्थनेत देवापुढे ठेवा.

मी यात थोडी भर घालतो. काही दिवस ‘मी जाणार आहे’ असं मनाशी धरून वावरा, ड्युटी करा, आईला फोन करा. मग तेवढेच दिवस ‘मी राहणार आहे’ असं धरून. रोज रात्री दोन ओळी लिहा: आज प्रार्थना कशी झाली, माणसांशी कशी वागले. कुठल्या बाजूला तुम्ही जास्त मोकळ्या, जास्त दयाळू होता हे वहीतून दिसतं. नाइट ड्युटीच्या आठवड्यात हे करू नका, थकलेल्या मनाचा कौल खरा नसतो. इग्नाशियसचाही एक कडक नियम आहे: मन उदास, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. जर्मनीच्या पहिल्या हिवाळ्यात तो तुमच्या कामाला येईल, किंवा नकार दिल्यानंतर मैत्रिणीचे तिथले फोटो बघताना.

सोबत दोन-तीन माणसं घ्या, पण निवडून. मंडळीतल्या वडिलांपैकी, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांपैकी एक, जो तुम्हाला ‘नाही’ म्हणू शकतो. तिथे आधी गेलेली एखादी नर्स. ज्याला तुमच्या जाण्या-न जाण्याने काही मिळणार आहे असा माणूस त्यात नको.

आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, राहणार नाही. याकोब व्यापाऱ्यांना सांगतो की अमक्या शहरात जाऊ, वर्षभर राहू, पैसा मिळवू असं बढाईने म्हणू नका. प्रभूची इच्छा असेल तर जगू व अमुक करू असं म्हणा. तो त्यांना योजना करू नका म्हणत नाही. जर्मनीला गेलात आणि सहा महिन्यांत आईसाठी परतावं लागलं, तर ते परतणंही त्याच बापाच्या नजरेखाली असेल. राहिलात आणि पुढे पश्चात्ताप झाला, तर दुसरी संधी शोधायला कुणाची हरकत नाही.

त्या बहिणीला टाळू नका, वाद घालू नका. ‘तुम्ही सांगितलंत ते मी प्रार्थनेत ठेवलंय, मंडळीच्या वडिलांपुढेही ठेवणार आहे’ एवढं म्हणा. ती खरोखर प्रभूची दासी असेल तर तिला याचं वाईट वाटणार नाही.

भावाशी बोलणं झालं आणि कराराची प्रत हाती आली की पुन्हा लिहा. परतफेडीचं कलम जसंच्या तसं पाठवा.